‘ऐपत बघून माल दाखवतात’ या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मुलगी शिकायला पुण्याला होस्टेलवर निघाली होती आणि तिला पहिल्यांदाच नीट स्किनकेअर सुरू करून द्यायचं म्हणून तुम्ही कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या दुकानात आलात. दहा हजारांपर्यंत खर्च करायची तयारी होती. तुम्ही परदेशी कंपनीचा सात बाटल्यांचा सेट मागितला आणि मी तो बाजूला ठेवून हजार रुपयांच्या आतल्या तीन वस्तू दिल्या. ‘इथे गिऱ्हाइकाची ऐपत बघून माल दाखवतात,’ असं तुम्ही लिहिलंय. तीन आठवडे वापरून काही फरक पडला नाही, शेवटी तोच सेट दुसरीकडून घेतला, आणि आम्हाला एक तारा दिला.

ऐपतीचा मुद्दा माझ्या मनाला लागला, म्हणून तोच आधी घेते. तो सेट आमच्याच कपाटात होता. तो विकला असता तर त्या दिवसातलं सगळ्यात मोठं बिल तुमचं झालं असतं आणि त्यात फायदा माझाच होता. तुम्हाला कमी लेखल्यासारखं वाटलं याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण सल्ला मी आजही तोच देईन, आणि का ते इथे सविस्तर लिहिते, कारण दर जून-जुलैत हाच प्रश्न घेऊन कितीतरी आया दुकानात येतात. मुलीच्या चेहऱ्याबद्दल मात्र इथे चारचौघांत एक अक्षरही लिहिणार नाही. तो तिचा खासगी विषय आहे. जे लिहिते ते नव्याने सुरुवात करणाऱ्या कुणालाही लागू आहे.

सुरुवातीला लागतात फक्त तीन गोष्टी: सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. फेसवॉश चेहऱ्यावर अर्धा-एक मिनिट राहतो आणि मग मोरीत जातो. त्यात कितीही भारी अर्क घातला तरी त्याला कातडीवर टिकायला वेळच मिळत नाही. मॉइश्चरायझरचं खरं काम करणारे घटक म्हणजे ग्लिसरीन, पेट्रोलियम जेली आणि सेरामाइड, म्हणजे त्वचेत मुळातच असणारा स्निग्ध पदार्थ. यातली पेट्रोलियम जेली तर १८७२ सालच्या पेटंटपासून बाजारात आहे आणि त्वचेतून उडून जाणारं पाणी अडवण्यात तिला आजही तोड नाही. ती महाग होऊच शकत नाही. महाग होतो तो तिच्यासोबतचा सुगंध, काचेची जड बरणी आणि जाहिरात. त्यातला सुगंध तर नाजूक त्वचेला बरेचदा बाधतोच.

किमतीवरून दर्जा ठरत नाही हे कंपन्यांनाही चांगलं ठाऊक आहे. ला मेरची महागडी क्रीम्स आणि द ऑर्डिनरीची स्वस्त सीरम्स एकाच एस्टी लॉडर कंपनीची आहेत. लॉरिआलकडे महागडं लँकोमही आहे आणि स्वस्तातलं गार्निएही. ज्याच्या खिशाला जे झेपेल ते त्याच्यासाठी कपाटात आहे, त्यात गैर काही नाही. पण वरच्या खणातल्या बाटलीत खालच्या खणापेक्षा दसपट काम भरलेलं असतं असं नाही. खोक्यावर मागे घटकांची यादी असते. ज्याचं प्रमाण जास्त ते आधी, अशा क्रमाने ती छापतात आणि एक टक्क्याच्या आतले घटक शेवटी कसेही येतात. पुढच्या बाजूला ठळक अक्षरात मिरवणारा दुर्मिळ फुलाचा अर्क यादीत सुगंधाच्याही खाली सापडला, तर किंमत कशाची मोजतोय ते कळतं.

आता सनस्क्रीन. माझा सगळ्यात जास्त आग्रह याच एका वस्तूसाठी असतो. एसपीएफ म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा. एसपीएफ ३० चं सनस्क्रीन त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपैकी साधारण ९७ टक्के अडवतं आणि ५० चं साधारण ९८ टक्के. पण हे आकडे प्रयोगशाळेतले आहेत. तिथे त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या हिशेबाने थर लावतात. चेहरा आणि मान मिळून हे सव्वा ग्रॅमच्या आसपास जातं, म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर बुडापासून टोकापर्यंत एकेक रेघ. आपण लावतो वाटाण्याएवढं. मग बाटलीवर ५० लिहिलेलं असलं तरी चेहऱ्याला त्याच्या जवळपासचंही संरक्षण मिळत नाही.

इथेच महाग वस्तूचं नुकसान सुरू होतं. अडीच-तीन हजारांची ट्यूब आणली की हात आखडतो. आई बजावते, जपून वापर, आणि मुलगी खरंच जपून वापरते. चारशे रुपयांची ट्यूब ती दोन बोटं भरून लावेल, दुपारी कॉलेजच्या मैदानावर गेली तर पुन्हा लावेल, मैत्रिणीलाही देईल. ५० ग्रॅमची ट्यूब रोज एकदा नीट लावली तर सव्वा महिन्यात संपायला हवी. दर सव्वा महिन्याने तीन हजार घालायची तयारी असेल तर खुशाल महागडं घ्या, माझी काही हरकत नाही. पण वर्षभर न चुकता पुरेसं लावलं जाईल असंच सनस्क्रीन चांगलं, आणि होस्टेलच्या खर्चात ते बसायलाच हवं. खोक्यावर एमआरपीजवळ ग्रॅममागची किंमतही छापलेली असते. मी ती बोट ठेवून दाखवते, तशी तुम्हालाही दाखवली होती.

‘तीन आठवड्यांत फरक नाही’ याबद्दल. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला तरुण वयातही चार आठवडे लागतात. पुटकुळ्यांवर डॉक्टरांनी औषध दिलं तरी आठ ते बारा आठवडे थांबायला सांगतात. शिवाय फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन यांचं काम त्वचा शांत ठेवणं आणि डाग आणखी गडद होऊ न देणं हे आहे. आरशात ते पटकन दिसत नाही.

पटकन दिसतं कशाने, तेही सांगते, कारण होस्टेलवर हीच गोष्ट हातोहात फिरते. मी फार्मासिस्ट आहे, शेजारचं मेडिकलही आमचंच. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन एकत्र असलेलं क्रीम मागायला मुली नुसतं नाव सांगून येतात. मोमेटासोन हे स्टिरॉइड आहे. हे क्रीम वांगावर, म्हणजे चेहऱ्यावरच्या काळपट डागांवर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे दिवस वापरायचं असतं, पण मुली ते रोजचं फेसक्रीम म्हणून लावतात. आठ-दहा दिवसांत चेहरा उजळतो, पुरळ बसतं, सगळ्या खूश. काही महिन्यांनी कातडी पातळ होते, गालांवर लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते, उन्हात गेलं की आग होते, आणि क्रीम बंद केलं की सगळं दुपटीने उसळतं. अशा मुली तोंडाला ओढणी बांधून काउंटरसमोर उभ्या राहतात तेव्हा फार वाईट वाटतं. २०१८ साली सरकारने अशी बरीच स्टिरॉइड क्रीम्स शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. आमच्याकडे ती चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, आणि यावरूनही आम्हाला कमी तारे मिळाले आहेत.

म्हणून मी स्वस्त ते सगळं चांगलं असंही म्हणत नाही. २०२३ साली अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना पारा असलेल्या फेसक्रीमने इजा झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. ज्या डबीवर उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि एक्स्पायरी नाही, ती फुकट मिळाली तरी चेहऱ्याला लावू नका. बाहेरून आलेल्या वस्तूवर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक असतो, तोही बघा.

जास्त पैसे कुठे सार्थकी लागतात? व्हिटॅमिन सीच्या सीरममध्ये लागू शकतात. ते हवेने आणि उजेडाने लवकर खराब होऊन तपकिरी पडतं, त्यामुळे ते टिकवण्याची पद्धत आणि बाटली यांना खरोखर किंमत असते. वांग असणाऱ्या बायकांना मी आयर्न ऑक्साइड घातलेलं रंगीत सनस्क्रीन सुचवते, कारण डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या उजेडानेही वांग वाढतो आणि साधं सनस्क्रीन तो उजेड पुरेसा अडवत नाही. ते थोडं महाग पडतं, पण घ्यावं. आणि पुटकुळ्या फार असतील, दुखऱ्या असतील, डाग सोडत असतील, तर सेटचे पैसे त्वचारोगतज्ज्ञांच्या फीसाठी ठेवावेत. ते बहुधा जी ट्यूब लिहून देतील ती काही शे रुपयांत येते.

आता तुम्ही घेतलेल्या सेटबद्दल. आतल्या बाटल्या मला माहीत आहेत. टोनरमध्ये मेलेली कातडी काढणारं ग्लायकोलिक अ‍ॅसिड आहे, रात्रीच्या क्रीममध्ये रेटिनॉल म्हणजे व्हिटॅमिन ए चा एक प्रकार आहे, सीरममध्ये व्हिटॅमिन सी आहे. तिन्ही चांगले घटक आहेत. पण ज्या चेहऱ्याने आजवर साबणाशिवाय काही पाहिलं नाही, त्याच्यावर सगळं एकाच आठवड्यात सुरू केलं तर आग होणं, सोलवटणं, पुरळ येणं सहज शक्य आहे, आणि नेमकं कशामुळे झालं तेही कळणार नाही. म्हणून मी सेट पुढे केला नव्हता. आता घेतलाच आहे तर वाया घालवू नका. आधीच्या तीन वस्तू चालू ठेवा. सेटमधलं एकच काढा, कानामागे किंवा जबड्याखाली दोन-तीन दिवस लावून बघा आणि दोन आठवडे गेल्याशिवाय दुसरं उघडू नका. रेटिनॉल आठवड्यातून दोनच रात्री, टोनर त्या रात्री नाही. आग झाली की थांबायचं, ‘सवय होईल’ म्हणून रेटायचं नाही.

मुलगी दिवाळीच्या सुट्टीत येईल तेव्हा तिला घेऊन या. तो सेटही आणा. आमच्याकडून घेतलेला नसला तरी कुठली बाटली आधी आणि कुठली नंतर, ते प्रत्येक खोक्यावर पेनाने लिहून देते, काही विकत घ्यायची गरज नाही. सनस्क्रीनची ट्यूबही आठवणीने आणा. ती अजून निम्मी शिल्लक असेल तर किती लावायचं ते तिला बोटांवर घेऊन दाखवते. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी दिवशी संध्याकाळी मी स्वतः काउंटरला असते.