खोगीरभरती

१७५८ च्या पंजाब मोहिमेत मराठ्यांची घोडी पार अटकेपर्यंत पोचली आणि त्या मोहिमेत आमच्या इंदूरचे मल्हारराव होळकर होते, हे शाळेत घोकलं होतं. पण एवढी मजल खोगिरावर बसून मारल्यावर त्या मंडळींची बुडं कोणत्या अवस्थेत होती, हे एकाही गुरुजींनी सांगितलं नाही. मला हा प्रश्न सेंधव्याच्या अलीकडे पडला, मोटारसायकलवर.

निमित्त धुळ्याच्या मेव्हण्याच्या मुलाची मुंज. इंदूरहून धुळं अडीचशे किलोमीटरच्या वर. गाडीच्या मूळ सीटवर आमची झेप राजवाड्यापर्यंत. पोहे-जिलबी खायची, परत. एकदाच ओंकारेश्वरला गेलो होतो. देवळात सगळे हात जोडून उभे होते, मीही उभाच होतो. माझं कारण वेगळं होतं, इतकंच.

मुंजीला महिना होता. रामबागेतल्या आमच्या कट्ट्यानं विषय हातात घेतला. खरं तर विषय हातात घेण्यासारखा नव्हता, पण घेतला. एकानं जेलची गादी आणून दिली. सावलीत ती लोण्यासारखी. मग गाडी दुपारभर बँकेबाहेर उन्हात राहिली. जेल ऊन पितं आणि ते लवकर सोडत नाही. मी बसलो आणि त्याच वेगानं उठलो. वॉचमननं सलाम ठोकला, त्याला वाटलं मी त्याच्यासाठीच उठलो.

दुसऱ्यानं हवेची उशी दिली. ती मी सायकलच्या पंपानं टम्म फुगवली. पहिल्या वळणावर गाडी डावीकडे गेली आणि मी सरळ. हवा जेमतेम, बूड सीटवरून बोटभर उचललं जाईल एवढीच भरायची असते, हे मला पंप परत केल्यावर सांगण्यात आलं. टॅक्सीवाल्यांचं लाकडी मण्यांचं आसनही वापरून पाहिलं. खालून वारा छान खेळतो, नाही म्हणत नाही. पण संध्याकाळी बुडावर अख्खी जपमाळ उमटली होती.

शेवटी सीट-कव्हरवाल्याकडे गेलो. म्हातारा कारागीर, तोंडात टाचण्या. त्यानं फोमचे दोन तुकडे पुढे ठेवले. मी तळहातानं दाबून जो जास्त दबला तो निवडला. “भिया, नरम मत डलवाओ, घंटे भर में हड्डी नीचे टिक जाएगी,” तो म्हणाला. मी त्याला ३२ डेन्सिटी, ४० डेन्सिटी असं बरंच ऐकवलं. डेन्सिटी म्हणजे घनमीटरमागे किती किलो फोम, त्याचा नरमपणाशी थेट संबंध नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्याला असावं, कारण तो गप्प बसला. सीट निवडायची तळहातानं आणि वापरायची भलत्याच अवयवानं, सगळा घोटाळा इथेच आहे. दोन इंच फोम वाढला. त्याबरोबर गाडीही दोन इंच उंच झाली आणि सिग्नलला माझे पाय जमिनीला फक्त चवड्यांनी भेटू लागले.

मानपूरचा घाट उतरेपर्यंत मी सिंहासनावर होतो. नर्मदेच्या अलीकडे फोम बसला. म्हणजे मी त्याच्यावर बसलो होतो तो माझ्याखाली बसला आणि बैठकीची दोन हाडं थेट सीटच्या पत्र्याशी बोलायला लागली. त्यात सीटला पुढे उतार, म्हणून दर ब्रेकला मी टाकीवर. त्यात जीन्सची शिवण, नेमकी नको तिथे. खलघाटला चहावाल्यानं अगत्यानं खुर्ची पुढे केली, तर मी तिच्याकडे असं बघितलं की त्यानं ती उचलून आत नेली. तिथून पुढे दर पाच मिनिटांनी मी फूटरेस्टवर उभा राहायचो. रस्त्याकडेची पोरं टाळ्या वाजवायची. मागे बसलेली बायको मात्र मुंजीत किती लाडू लागतील याचा हिशेब करत होती. एकदाही हलली नाही. थांबलो की मी आधी लांब जाऊन कंबर धरून उभा राहायचो. सीटकडे वळून बघायची हिंमत नव्हती.

धुळ्यात सासुरवाडी. जो तो म्हणे, “जावईबापू, बसा ना!” नवा मऊ सोफा होता. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. सासूबाईंना वाटलं, मानपानात काही चुकलं. मातृभोजनाच्या वेळी नाइलाजानं पाटावर बसलो आणि काय सांगू, तीन दिवसांत पहिल्यांदा बूड कुरकुरलं नाही. सपाट, रुंद, कडक शिसवी पाट. तो सीटला बांधून न्यावा असंही क्षणभर मनात आलं.

परत निघताना बायकोनं पिशवीतून गोधडी काढली, तिची घट्ट घडी करून मागच्या सीटवर टाकली आणि वर बसली.

“हे काय?”

“आईनं जुन्या लुगड्यांची शिवलेली. येतानाही हीच होती.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“अहो, तुम्ही डेन्सिटी सांगत होता ना.”