दहा हजार मेल, शंभर ऑर्डरी म्हणे!

माझा भाचा तासगावात बेदाण्याचा व्यापार करतो. परवा त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड ढकलला, 'कोल्ड ईमेलची पाच हमखास सूत्रं'. कोल्ड ईमेल म्हणजे ओळखपाळख नसलेल्याला धंद्यासाठी पाठवलेला मेल. खाली निरोप: "मामा, यादी घेतली पण. साडेतीन हजाराला." म्हणून हे लिहायला बसलो.

पहिलं सूत्र म्हणतं, दहा हजार पत्ते विकत घ्या, एका दिवसात सगळ्यांना मेल टाका, एक टक्का तरी गळाला लागेल. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० च्या वर मेल जातच नाहीत, हे लिहिणाऱ्याला माहीत नसावं. भाच्याने स्वतःच्या डोमेनवरून (म्हणजे पत्त्यात @ पुढे आपल्याच धंद्याचं नाव) पाठवले, ते तर आणखी वाईट. मेल पाठवणाऱ्यांसाठी गूगलची नियमावली आहे. फेब्रुवारी २०२४ पासून ती कडक झाली. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली हव्यात, आणि जमलं तर ०.१ च्या आत. म्हणजे हजार मेलमागे तिघांनी वैतागून 'स्पॅम' दाबलं की तुमची पत घसरली. विकतच्या यादीत तुम्हाला कुणी ओळखत नाही, तिथे तीन माणसं सापडायला किती वेळ लागणार? बरं, पत घसरते ती त्या एका मेलची नाही, अख्ख्या डोमेनची. मग रोजच्या गिऱ्हाइकाला पाठवलेला दरही स्पॅममध्ये. नवं गिऱ्हाईक राहिलं बाजूला, जुनं हातचं जायचं.

दुसरं सूत्र: विषयात 'आरई:' (उत्तराच्या मेलला आपोआप लागतं ते 'Re:') लिहा, जुना पत्रव्यवहार वाटतो. ओळखीच्या पहिल्याच ओळीत थाप! अमेरिकेत फसव्या विषयाच्या धंदेवाईक मेलवर २००३ च्या कायद्याने बंदीच आहे.

तिसरं, 'आमचे ८० टक्के मेल उघडले जातात.' अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमध्ये २०२१ पासून अशी सोय आहे की ती सुरू असली तर माणसाने मेल न बघताही तो उघडल्याची नोंद होते. त्या आकड्यावर काय नाचायचं?

रोज आठवण करा, हे पाचवं. वसुलीवाले करतात तसं? एकदा करावी, चार-पाच दिवसांनी.

चौथं मात्र, नाइलाजाने का होईना, मान्य: मेल छोटा हवा. पण छोटा म्हणजे 'आम्ही अग्रगण्य पुरवठादार आहोत, संधी द्यावी' नव्हे. भाच्या, बेकरीवाल्याला असं लिही: 'तुमच्या फ्रूटकेकमध्ये बारीक बेदाणा दिसला. तसा देठ काढलेला माल आमच्याकडे आहे. पोच धरून किलोचा दर अमुक. अर्धा किलो नमुना कोणत्या पत्त्यावर पाठवू?' संपलं. पण त्यासाठी आधी त्याचा केक खावा लागतो, आणि दहा हजार केक कुणी खात नाही. वीस खा.

आणि हो, पुण्याच्या त्या शेठना आज फोन कर. तू मंगळवारी पाठवलेलं बिल त्यांच्या स्पॅममध्ये पडलंय.