नकाशाच्या आकाराबद्दल

‘द विचर ४’ या व्हिडिओ गेमकडून पहिली अपेक्षा म्हणून तुम्ही ‘तिसऱ्या भागापेक्षा मोठा नकाशा’ लिहिलंय, ते मला अजिबात पटलं नाही. २०१५ च्या त्या भागात स्केलिगे या बेटांभोवतीच्या समुद्रावर, नकाशात, प्रश्नचिन्हांचा नुसता सडा पडला होता. होडी घेऊन एकेका चिन्हापाशी जायचं, डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या सायरन (पंखवाल्या राक्षसी जलपऱ्या) क्रॉसबोने पाडायच्या, पाण्यात उडी मारून पेटी उघडायची, की पुढचं चिन्ह. मी हट्टाने सगळी संपवली. आज त्यातलं एकही आठवत नाही.

आठवतो तो त्याच भागातल्या वेलेन या प्रदेशातला बॅरन. रात्रीच्या अंधारात स्वतःच्या न जगलेल्या बाळाचं झालेलं भूत हातांत घेऊन तो चालतो, उंबरठ्यापाशी त्याला नाव देतो आणि तिथेच पुरतो. वाट एवढीशीच, पण ते पिसाळू नये म्हणून अ‍ॅक्सी ही शांत करणारी जादू वापरत मी श्वास रोखून चाललो होतो. चौथ्या भागाच्या डिसेंबर २०२४ च्या ट्रेलरमध्येही नायिका सिरी राक्षसाला मारून गावात परतते, तर जिला वाचवलं त्या मुलीला गावकऱ्यांनीच मारून टाकलेलं असतं. मला अशा गोष्टी हव्यात. त्यासाठी नकाशा एकट्या वेलेनएवढा असला तरी चालेल.