सहीची किंमत

गेल्या शनिवारी माझ्या सहीची बाजारातली किंमत मला कळली. उणे पन्नास सेंट. म्हणजे सही मी करायची आणि वर पैसेही मीच मोजायचे. मोजले. बायको म्हणते, त्यात एवढं काय, रुपयांत धरले तरी पन्नासच होतात. तिचं गणित बरोबर आहे. म्हणूनच जास्त लागलं.

बर्लिनमध्ये रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी सगळं शहर दुष्काळ जाहीर झाल्यासारखं खरेदीला बाहेर पडतं. मीही पडलो होतो. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात दूध आणि शेपूची मोठी जुडी. (मेथीसाठी इथे शहरभर वणवण करावी लागते. शेपू मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातही हटकून मिळतो. जर्मन माणूस तो माशाला लावतो, काकडीला लावतो, उकडलेल्या बटाट्यालाही लावतो. लहानपणी शेपूची भाजी पाहिली की मी घर सोडून जायची भाषा करायचो. सोडून आलो, तर इथे हे.) परतताना टियरगार्टन या मोठ्या बागेच्या बाजूने 'हाउस डेर कुल्टुरेन डेर वेल्ट'वरून, म्हणजे जगातल्या संस्कृतींच्या घरावरून, गेलो. तिथे त्या संध्याकाळी युरोपियन फिल्म अवॉर्ड्सचा सोहळा होता. तो बघायलाच मी वाट वाकडी केली नव्हती, असं बायकोला सांगितलं आहे. तुम्हालाही तेच सांगतो.

ही इमारत १९५७ सालची, अमेरिकेने पश्चिम बर्लिनला दिलेली भेट. छप्पर असं फुगीर, की लोक तिला 'गरोदर कालव' म्हणतात. १९८० साली त्या छपराचा एक भाग कोसळला, मग ते पुन्हा बांधलं. सोहळाही मूळचा इथलाच. पहिला १९८८ साली, पश्चिम बर्लिनमध्ये, भिंत अजून उभी असताना झाला, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पहिला मान गेला भिंतीपलीकडच्या पोलंडच्या दिग्दर्शक किश्लोव्स्कीकडे. पुरस्कार देणाऱ्या अकादमीचे पहिले अध्यक्ष स्वीडनचे दिग्दर्शक इंगमार बर्गमन. एक वर्ष बर्लिन, एक वर्ष दुसरं एखादं शहर, अशी यांची फिरती असते. रिगा, सेव्हिल, रेक्याविक, सगळीकडे जाऊन आलेत. दरवर्षी डिसेंबरात व्हायचा, पण ऑस्करच्या धामधुमीत आपलंही नाव ऐकू यावं म्हणून यंदा, म्हणजे २०२६ साली, तो जानेवारीत ढकलला. त्यामुळे २०२५ हे साल सोहळ्याविनाच गेलं, आणि बघ्यांच्या वाट्याला डिसेंबरच्या थंडीऐवजी जानेवारीची थंडी आली.

तर कठड्याजवळच्या सुरक्षारक्षकाला मी एवढंच विचारलं, की १०० नंबरची बस आज कुठे थांबते? त्याने अदबीने हात करून दिशा दाखवली. हा अदबीचा हात एका म्हाताऱ्याने पाहिला, आणि घात झाला.

या शहरात सह्यांचे शिकारी असतात. ऑटोग्रामयेगर म्हणतात त्यांना. सिनेमाचा काहीही कार्यक्रम असो, हे कठड्याशी दोन-तीन तास आधी हजर. म्हातारा त्यांतला ज्येष्ठ असावा. सत्तरीचा, घडीच्या स्टुलावर बसलेला, पायाशी थर्मास, मांडीवर जाडजूड फाइल. फाइलीत प्लास्टिकच्या कप्प्यांमध्ये नटनट्यांचे फोटो, आडनावाच्या अक्षरानुसार लावलेले. नॉर्वेच्या अभिनेत्री लिव उलमन यांना त्या संध्याकाळी जीवनगौरव मिळायचा होता, तर त्यांचे चार, चारही वेगवेगळ्या वयातले. वरच्या खिशात तीन पेनं: काळं, निळं आणि चंदेरी. गडद फोटोवर चंदेरी चालवायचं, उजळ फोटोवर काळं. निळं कशासाठी, तर "काही लोक हट्टी असतात". हे सगळं त्याने मला नंतर सांगितलं. मी विकत नाही, हेही सांगितलं. दोनदा. मी विचारलं नव्हतं.

"हेर रेगिस्योर!" त्याने हाक मारली. दिग्दर्शक महाशय!

मी मागे वळून पाहिलं. मागे फक्त झाड होतं.

"माफ करा, तुमचा फोटो मला कुठे मिळाला नाही," तो म्हणाला. आवाजात अपराधी भाव. मग एक कोरं पांढरं कार्ड पुढे केलं. "पण चालत आलात हे मला आवडलं. हल्ली सगळे गाडीतून उतरतात." त्याची नजर पिशवीवर गेली. "शेपू?"

"हो."

"स्वतः स्वयंपाक करता?"

"अधूनमधून."

शेजारच्या बाईकडे वळून तो म्हणाला, "बघा. साधा माणूस." बाईंनी मान डोलावली.

इथे मी सांगायला हवं होतं, की आजोबा, काहीतरी गैरसमज होतोय. नाही सांगितलं. त्याने सूचना द्यायला सुरुवात केली होती: "मध्ये नको. खाली, उजव्या कोपऱ्यात. तारीख घाला. शहर घाला." आता फॉर्मचा क्रमांकही विचारेल असं वाटलं. मी हातमोजा काढला, आणि बर्लिनच्या जानेवारीत उघड्या बोटांनी, झोकात, सही केली. देवनागरीत. माझ्या आडनावात ळ आहे, आणि त्या ळच्या दोन वेटोळ्यांवर मी आयुष्यात फार मेहनत घेतली आहे.

का केली सही? आठवीत असताना वहीच्या मागच्या पानांवर मी सह्यांचा सराव करायचो. पुढे कधीतरी लागेल म्हणून. कॉलेजात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेत तिसरा शिपाई होतो, एकही वाक्य नव्हतं, तरी नाट्यगृहाबाहेर कोणी वही पुढे करील या आशेने खिशाला पेन लावून उभा राहिलो होतो. कोणी केली नाही. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत माझी सही आपणहून मागितली ती फक्त पार्सलवाल्यांनी, आणि तीही बहुतेक वेळा शेजाऱ्यांच्या पार्सलसाठी. अशा माणसाला कोणी पेन आणि कार्ड देऊन वर "हेर रेगिस्योर" म्हणालं, तर तो काय करील?

म्हाताऱ्याने कार्ड दिव्याखाली धरलं. "फारसी?"

"मराठी."

"ते इराणमध्ये कुठे येतं?"

"इराणमध्ये येत नाही. भारतात येतं."

"पण सिनेमा इराणचा आहे ना?"

"कुठला सिनेमा?"

"तुमचा."

आता सांगणं भागच होतं. मी एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर तपासतो, असं म्हणालो.

"पडद्यावर?"

"पडद्यावरच. पण कॉम्प्युटरच्या."

तो बराच वेळ गप्प राहिला. मग कार्ड दोन बोटांत, मेलेलं झुरळ धरावं तसं धरून म्हणाला, "हे वाया गेलं. जाड कार्ड आहे. पन्नास सेंट."

"अहो, मी कुठे म्हणालो होतो सही करतो म्हणून?"

"पण केलीत."

याला उत्तर असेल तर मला कळवा. शेजारच्या बाईंनी पुन्हा मान डोलावली. त्या बाईंचा मला म्हाताऱ्यापेक्षा जास्त राग आला. माझ्याकडे एक युरोचं नाणं होतं, दुकानातली ट्रॉली सोडवायला कायम खिशात ठेवतो ते. ते दिलं. त्याने पाकीट उघडून बरोबर पन्नास सेंट परत केले आणि कार्ड माझ्या हातात ठेवलं. "आता हे तुमचं."

मी तिथून चालता झालो, पण डोकं तिथेच राहिलं. पैशांचं सोडा. (सुटत नाहीयेत, पण सोडा.) इराण कुठून आलं? तर दाढी, मफलर आणि माझा रंग यांवरून. इराणी दिग्दर्शक जाफर पनाही यांचा सिनेमा यंदा नामांकनात होता, त्या चमूतला कोणीतरी म्हणून त्याने मला धरलं. आता या सिनेमाची गंमत बघा. तेहरानमध्ये परवानगीशिवाय, लपूनछपून चित्रित केलेला. भाषा फारसी. पण पैसा मुख्यतः फ्रान्सचा, म्हणून फ्रान्सने तो आपला म्हणून ऑस्करला पाठवला, आणि इथे तो युरोपियन ठरला. आधीच्या सोहळ्यात, २०२४ साली ल्युसर्नला, जिंकला तो मेक्सिकोवरचा, स्पॅनिश भाषेतला सिनेमा, फ्रेंच दिग्दर्शकाने बहुतांश पॅरिसकडच्या स्टुडिओत काढलेला. त्याच वर्षी पायल कपाडियाच्या सिनेमाचंही नाव फ्रान्सच्या ऑस्करसाठीच्या चारांच्या यादीत होतं. त्यात मुंबई आहे, रत्नागिरीकडचं गाव आहे, आपली छाया कदम आहे. माझी काही तक्रार नाही. पनाहींसारख्याला स्वतःच्या देशात कॅमेरा लावू देत नसतील, तर दुसऱ्या कोणीतरी दार उघडायलाच हवं.

पण मग मी? अकरा वर्षं इथे कर भरतोय. रविवारी बाटल्या फोडत नाही, म्हणजे काचेच्या डब्यात टाकत नाही, शेजाऱ्यांच्या शांततेसाठी. शिवाय दर महिन्याला १८.३६ युरो टीव्ही-रेडिओचा शुल्क भरतो, टीव्ही घरात नसताना, कारण ते प्रत्येक घराला सक्तीचं आहे. आणि इथल्या सार्वजनिक वाहिन्या त्याच पैशांतून सिनेमांना भांडवल देतात. म्हणजे हिशेबाने कणभर निर्माता मीही आहे! हे उत्तर मला ट्रॅममध्ये सुचलं. नेहमी ट्रॅममध्येच सुचतं. फ्रेंच पैसा लागला की तेहरानही युरोपात येतं. माझा पैसा अकरा वर्षं लागतोय, तरी जिन्यात नवे शेजारी विचारतात, तुम्ही कुठले? इथलाच, बर्लिनमधल्या मोआबिटचा, म्हटलं की म्हणतात, नाही, खरं कुठले?

हो, एक सांगायचं राहिलं. मी निघालो तेवढ्यात कठड्याच्या आतून मफलर गुंडाळलेला, दाढीवाला, सावळा एक गृहस्थ चालत आला. एकटाच, गाडीबिडी नाही. म्हाताऱ्याने त्याला नखशिखान्त न्याहाळलं, मग माझ्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहिलं, आणि फाइल मिटून हाताची घडी घातली. पुन्हा फसणार नव्हता तो. गृहस्थ दहा पावलं पुढे गेला आणि सगळे फोटोग्राफर एकदम त्याच्यावर तुटून पडले. तो कोण होता, मलाही कळलं नाही. पण म्हाताऱ्याची तेव्हाची धडपड, लाथाडलं गेलेलं स्टूल, कलंडलेला थर्मास आणि घाईत उपसलेलं निळं पेन हे सगळं मी झाडाआडून पूर्ण पाहिलं. पंचवीस सेंट तिथेच वसूल झाले.

रविवारी सकाळी बायको स्वयंपाकघरात फोनवर बातमी वाचत होती. "अरे, कळलं का, त्या नॉर्वेवाल्या ट्रीअरच्या सिनेमाला मिळाला मोठा पुरस्कार. 'सेंटिमेंटल व्हॅल्यू'."

माझ्या हातात ते कार्ड होतं. ळ खरोखरच छान आला होता.

"वट्ट पन्नास सेंट," मी म्हणालो.

तिला वाटलं, मी शेपूचा भाव सांगतोय. "स्वस्त आहे की," ती म्हणाली आणि जुडी सोडून निवडायला बसली.