दत्तक गाव आणि एक हंडा

आज सकाळी पुतण्याच्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराची छायाचित्रे पाहिली आणि हातातला चहा तसाच निवला. पेठ तालुक्यातला एक पाडा, जवळजवळ कोरडा ओहोळ, त्यात सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून रचलेला वनराई बंधारा, त्यापुढे तीस-चाळीस हसरे चेहरे आणि मधोमध फलकाचे एक टोक हातात देऊन उभी केलेली एक म्हातारी. फलकावर ‘आमचे दत्तक गाव’ असे लिहिलेले. विशीतल्या पोरांनी आजीला दत्तक घेतले, याचे कोणालाच काही वाटले नाही का?

हे मी काठावर बसून बोलत नाही. जानेवारी 1996 मध्ये याच तालुक्यात अशाच शिबिरासाठी मी सात दिवस राहिलो आहे. आम्ही पन्नास जण शाळेच्या दोन्ही खोल्यांत उतरलो होतो, म्हणून गावातल्या मुलांची शाळा आठवडाभर आंब्याखाली भरली. तिसऱ्या दिवशी चिखलाने भरलेले बूट मी एका आजींच्या ओट्यावरच्या हंड्यातील पाण्याने धुतले, आणि तो हंडा पुरता रिकामा केला. विहीर टेकडीच्या पायथ्याशी होती. आजींनी हंडा उचलला, ‘वाळतील का रे उद्यापर्यंत?’ एवढेच बुटांकडे पाहून विचारले आणि त्या पुन्हा उतार उतरू लागल्या.

पेठ-सुरगाण्यात नाशिक शहरापेक्षा कितीतरी अधिक पाऊस पडतो. परंतु तीव्र उतार आणि खाली काळा कातळ असल्यामुळे तो मुरत नाही, दमणगंगा आणि नार-पारच्या वाटेने पश्चिमेला निघून जातो. वनराई बंधारा घालायचा तो पाऊस ओसरताना, ओहोळ वाहता असताना, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. आमच्या बंधाऱ्यापाशी जानेवारीत करंगळीएवढी धार उरली होती. आम्ही काय अडवले, हे आजही मला सांगता येणार नाही. त्या सात दिवसांत आम्ही पन्नास जण त्या विहिरीचे किती हंडे प्यायलो, याचा हिशोब मात्र कोणत्याही अहवालात नव्हता.

सर्वांत जास्त राग मला याचा येतो की, नागली-भाताची कापणी उरकून पाड्यावरची धडधाकट माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला गेलेली असतात, नेमके तेव्हा आपण शहरातून कुदळी घेऊन त्यांच्या गावात श्रमदानाला पोहोचतो. पेठ रस्त्यावर त्यांच्या आणि आमच्या गाड्या एकमेकींना ओलांडून जात असतील. गावात उरतात म्हातारी माणसे आणि लहान मुले, आणि मग आपण फलक त्यांच्याच हातात देतो.

मान्य, त्या सात दिवसांनी मला जे दाखवले ते महाविद्यालयाच्या तीन वर्षांनी दाखवले नाही, आणि ही पोरे घरी मोबाइल घेऊन लोळत पडण्यापेक्षा तिथे गेली हे बरेच झाले. पण गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी, सुरू झालेल्या योजनेचे ब्रीद ‘माझ्यासाठी नव्हे, तर तुमच्यासाठी’ असे असताना, शिकून आलो आम्ही आणि पाणी वाहिले आजींनी, हे उलटे नाही का?

दुपारी न राहवून पुतण्याला फोन केला. चढ्या आवाजातच म्हणालो, की ऑक्टोबरमध्ये जा, ग्रामपंचायतीला आधी काम विचारा, आणि स्वतःच्या पाण्याचा टँकर सोबत न्या. तो शांतपणे म्हणाला, ‘काका, ऑक्टोबरमध्ये आमच्या परीक्षा असतात.’ आमच्याही असत. माझा आवाज तिथेच उतरला. मग त्या फलक धरलेल्या आजींविषयी विचारले. त्यांचे नाव त्याला ठाऊक नव्हते. मलाही माझ्या आजींचे ठाऊक नाही, सात दिवस त्यांच्या ओट्यावर बसूनही.

शिबिराचे अजून दोन दिवस बाकी आहेत, उद्या विचारून कळवतो, असे तो म्हणाला आहे.