गाठीतलं अंतर

मुलाकडे न्यूयॉर्कला जायचं ठरलं आणि हिचे दादा पृथ्वीगोल काखोटीला मारून कोथरूडला हजर झाले. दादा भूगोलाचे निवृत्त मास्तर. सपाट नकाशानं माणसं बिघडली, हे त्यांचं जुनं दुखणं. नकाशावर मुंबईहून न्यूयॉर्कला रेघ मारली तर ती अरबस्तान, इजिप्त करत जाते. दादांनी हिच्या शिवणाच्या डब्यातला दोरा काढला, टोकाला गाठ मारली, ती मुंबईवर अंगठ्यानं दाबली आणि दोरा ताणला. पठ्ठ्या सरळ उत्तरेला चढला! नॉर्वे, आइसलंड, मग खाली न्यूयॉर्क.

"हा जवळचा रस्ता. गोलाचा व्यास 30 सेंटीमीटर, दोरा भरला 29.5. म्हणजे साडेबारा हजार किलोमीटर. ताशी 900 नं 14 तास."

मुलगा फोनवर म्हणाला, 16 धरा. जाताना पश्चिमेचा वारा तोंडावर असतो, शिवाय वाटेत कुणाचं ना कुणाचं आकाश बंद असतं, म्हणून वळसा. वारा दादांना मान्य होता, तो त्यांनी शिकवलेला. वळसा त्यांच्या मनाला लागला.

"आणि पुणे-मुंबई?" मी विचारलं. लोहगावची धावपट्टी हवाईदलाची, एवढी लांब उडी मारणारी विमानं तिथून सुटत नाहीत. मुंबई गाठणं आलंच.

"हवेतून 120 किलोमीटर. इथे तीन मिलिमीटरसुद्धा नाही. ते गाठीतच आलं."

विमान रात्री दोनचं. गाडी दुपारी चारला आली, पण शेअर टॅक्सी असल्यामुळे आधी औंधातले एक आजोबा घेतले, मग वाकडातली एक मुलगी आणि तिच्या तीन बॅगा. मुंबई राहिली बाजूला, दीड तास आम्ही पुण्यातच हिंडत होतो. लोणावळ्याच्या अलीकडे ड्रायव्हर "दहा मिनिटं" म्हणून चहाला उतरला. ही दहा मिनिटं कुठल्याही रेखांशावर बसत नाहीत. खंडाळ्याच्या घाटात एक कंटेनर आडवा. औंधाच्या आजोबांनी डबा उघडला, आम्हाला धिरडी दिली. हिनं मेतकुटाची पुडी काढली. वजनकाट्यावर 23 किलोला टेकलेली बॅग तेवढीच हलकी झाली.

वाशीला नऊ, चेंबूरला दहा. विमानतळावर उतरलो तेव्हा अकरा वाजले होते.

पुढचे 16 तास काय, बसून राहायचं. खुर्चीसमोरच्या पडद्यावर इवलंसं विमान वाकड्या रेषेवरून सरकत होतं. आणि गंमत म्हणजे रात्री दोनला निघून त्याच तारखेच्या सकाळी आम्ही न्यूयॉर्कला! घड्याळ साडेनऊ तास मागे. पुणे-मुंबईत गेलेले तास मात्र कुणी परत दिले नाहीत.

उतरल्या उतरल्या दादांचा फोन. "किती लागले गं?"

"16. आणि दादा, तुझ्या गाठीत सात."

पलीकडे जरा वेळ शांतता.

"गाठ मोजायची नसते," दादा म्हणाले.