करारात शिक्षक कुठे आहे?

२०२५च्या जूनमध्ये मुंबईत पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रं देण्यात आली. यॉर्क, ॲबर्डीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीतली डिझाइनची एक संस्था. नवी मुंबईत होणाऱ्या एज्युसिटीत, म्हणजे शिक्षणनगरीत, त्यांनी आपले कॅम्पस काढावेत असा बेत आहे. तेव्हापासून पुण्याला फोन लावला की हाच विषय निघतो. धाकटे दीर म्हणतात, आता पोरांना बाहेर धाडायची गरजच उरणार नाही. नणंदबाई म्हणतात, ज्यांना फी परवडते त्यांचीच ही सोय. मला दोघांचंही पटतं. पण दोघंही भांडतात ते इमारतीवरून. दोन विद्यापीठं एकत्र येतात तेव्हा नेमकं काय घडायला हवं, हे त्या भांडणात येतच नाही.

मी मेलबर्नच्या क्लेटन भागात राहते, मोनाश विद्यापीठाच्या शेजारी. या विद्यापीठाने आयआयटी मुंबईबरोबर २००८ मध्ये पवईत संशोधन अकादमी काढली. पीएचडीच्या विद्यार्थ्याचं नाव दोन्हीकडे नोंदलेलं, दोन्हीकडे गाईड, बराचसा काळ पवईत, काही महिने इथे, आणि शेवटी दोघांची मिळून एकच पदवी. कॅम्पस उभारण्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे. एका विद्यार्थ्यासाठी दोन प्राध्यापकांना चार-चार वर्षं एकमेकांशी बांधून घ्यावं लागतं.

अशाच एका संयुक्त पीएचडीची लातूरकडची मुलगी आमच्याकडे आठ महिने राहिली. पवईला सकाळचे दहा वाजले की इथे दुपारचे अडीच, उन्हाळ्यात घड्याळं पुढे गेली की साडेतीन. त्या वेळी दोन्ही गाईड एकदम स्क्रीनवर येत, आणि आधी ती घाबरून जाई. दोघांचं एकमत नसलं की कुणाचं ऐकायचं? एके दिवशी घरी येऊन म्हणाली, "काकू, आज दोघं माझ्या आलेखावरून अर्धा तास वाद घालत होते, आणि शेवटी मलाच विचारलं, तुझं काय मत?" तो चेहरा मी विसरणार नाही.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. तिने एम.एस्सी. केलं त्या कॉलेजात एचपीएलसीचं, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजण्याचं, यंत्र होतं, पण कव्हराखाली. बिघडलं तर कोण जबाबदार, म्हणून पोरांना हात लावू देत नसत. इथल्या लॅबच्या टेक्निशियनने तिच्या हातात पाना दिला आणि पंप खोलायला लावला. सील कसं बदलायचं, चेक व्हॉल्व्ह आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये घालून सोनिकेटरमध्ये कसा स्वच्छ करायचा, सगळं तिने स्वतः केलं. रात्री आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून तिने ते मराठीत, आकृत्या काढून वहीत उतरवलं. जुन्या कॉलेजातल्या सरांना आणि लॅब असिस्टंटला पाठवायचं म्हणून.

ही वही कुठल्याही कराराच्या उद्दिष्टांत बसत नाही. तिथे असतं संयुक्त संशोधन, विद्यार्थ्यांची देवाणघेवाण, जागतिक क्रमवारी, निधी. पवईच्या आयआयटीची स्वतःची सुरुवात आठवा. १९५८ मध्ये युनेस्कोमार्फत सोव्हिएत मदतीने ही संस्था उभी राहिली. यंत्रं आली, तज्ज्ञ आले, आणि आपल्या शिक्षकांना तिकडे शिकायला शिष्यवृत्त्याही मिळाल्या. शिक्षक घडवणं हा त्या मदतीचा भागच होता. आजच्या चर्चेत तो शिक्षक गायब आहे.

इथल्या विद्यापीठांचा स्वार्थ मला दिसतो आणि त्यात वावगंही वाटत नाही. परदेशी विद्यार्थ्यांच्या फीवर त्यांचा मोठा डोलारा उभा आहे. तो विद्यार्थी इथवर आणणं मात्र महाग होत चाललंय. विद्यार्थी व्हिसाची फी २०२४ मध्ये ७१० ऑस्ट्रेलियन डॉलरवरून १,६०० झाली आणि वर्षभरात २,०००. मग भारतात जाऊन शिकवणं त्यांना सोयीचं. म्हणजेच आपल्या हातात घासाघीस करायला काहीतरी आहे, आणि ती आपण करायला हवी.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२च्या नियमांनी संयुक्त आणि दुहेरी पदव्यांचा रस्ता मोकळा केला, पण नॅकच्या मूल्यांकनात चारपैकी किमान ३.०१ गुण किंवा एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीत पहिल्या शंभरात नाव अशी अटही घातली. तालुक्याच्या कॉलेजांना हा उंबरठा ओलांडणं कठीण. ती या खेळात येणार ती कुणाचा तरी हात धरूनच. म्हणून नवी मुंबईत येणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाशी बोलताना सरकारने एक कलम हट्टाने घालून घ्यावं: दर सत्रात नांदेड, कोल्हापूर, जळगावकडचे काही शिक्षक आणि काही लॅब असिस्टंट त्यांच्या प्रयोगशाळेत, पूर्ण पगारी रजेवर. कराराचा हिशेब मागताना किती सह्या झाल्या यापेक्षा किती शिक्षक जाऊन आले आणि परत येऊन त्यांनी काय सुरू केलं, हे आधी विचारावं. दीर म्हणाले, असं कलम कोण मान्य करेल? अहो, आपण मागितलं तर पाहिजे!

मागच्या महिन्यात त्या मुलीने एक फोटो पाठवला. जुन्या कॉलेजची लॅब, यंत्रावरचं कव्हर काढून खुर्चीवर टाकलेलं, आणि पंपाशेजारी तिच्या वहीची झेरॉक्स. तिसऱ्या पानावर अल्कोहोलचा डाग पडलाय.